श्रद्धेची पारख

ख्रिस्ती घरात जन्मलेल्यापुढे एक अडचण असते. श्रद्धा आपली स्वतःची की नुसती वारशाने आलेली, हे ओळखावे कसे? करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या १३व्या अध्यायात पौल स्वतःचीच परीक्षा करायला सांगतो. पण कसोटी कोणती? अमेरिकेतील धर्मशास्त्री जोनाथन एडवर्ड्स यांनी १७४६ साली यावर ग्रंथच लिहिला. भावनेचा उमाळा किंवा तोंडपाठ वचने यांना त्यांनी पुरावा मानले नाही. आचरणात टिकून राहणारे फळ ही मुख्य खूण मानली.

मराठीत याचे उदाहरण ‘स्मृतिचित्रे’त सापडते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी बराच काळ सोवळे पाळले. जातिभेद माणसाने केला, हे मनोमन पटल्यावर मात्र त्या कुणाच्याही हातचे पाणी घेऊ लागल्या. पालट आधी झाला, विधी नंतर.

हीच कसोटी मी स्वतःला लावली. मुलीला स्थळ आले, मुलगा ख्रिस्ती, सुशील. तरी त्याचे पूर्वज धर्मांतरापूर्वी कोणत्या जातीचे, हे मी विचारलेच. रविवारची उपासना मी कधी चुकवत नाही. पण त्या प्रश्नापुढे तिचा आधार घेता येईना. एका चुकीने श्रद्धा खोटी ठरत नाही, हे खरे. ती चूक मी निस्तरतो की झाकतो, यावरून मात्र ती कळेल. त्या घरी क्षमा मागायला मला जायचे आहे.