ओंजळ आणि कमान

मैहरच्या वाद्यवृंदात नलतरंग नावाचं एक वाद्य आहे. जलतरंगात पाणी भरलेल्या वाट्या असतात, इथे बंदुकीच्या नळ्या आहेत. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी त्या सुरात लावून ओळीने मांडल्या. १९१८ च्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांना गोळा करून त्यांनी हा वृंद उभा केला, आणि ते स्वतः तर हाती येईल ते वाद्य वाजवणारे. जबलपूरहून कटनीमार्गे मैहर रेल्वेने दोन-अडीच तासांवर. आमच्या जबलपुरात १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे, १९६९ पासून लष्करी वाहनांचा आहे. बंदुकीच्या नळीतून सूर निघतो याचं अप्रूप इथल्या माणसाला जरा जास्तच वाटतं. नलतरंग पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून संगीतातलं लोखंडकाम मी कधी हलकं समजलो नाही.

आज ज्या वस्तूबद्दल लिहितोय ती मात्र नुसती वाकवलेली पट्टी आहे. तिच्यातून सूर निघत नाही. गळ्यात अडकवायची एक कमान, तिच्या दोन्ही टोकांना पुढे आलेले दोन हात, आणि त्या हातांच्या मध्ये माउथ ऑर्गन पकडणारा चिमटा. दुकानात तिला होल्डर म्हणतात, कुणी नेक स्टँड म्हणतं. गिटार किंवा पेटी वाजवता वाजवता ज्याला माउथ ऑर्गनही वाजवायचा आहे, त्याचं या कमानीवाचून चालत नाही.

माझा पहिला होल्डर मी गळ्यात न घालताच विकत घेतला. गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमात, गिटारच्या साथीवर मधला तुकडा वाजवायला तोंड पुढे नेलं आणि माउथ ऑर्गन हळूच खाली कलला. मी हनुवटीने तो वर ढकलला, तो पुन्हा कलला. शेवटी उजवा हात तारांवरून उचलून त्याला धरावं लागलं. गिटार थांबली, तबलजी एकटाच पुढे गेला. त्या रात्री घरी येऊन मी तो होल्डर स्क्रू ड्रायव्हर घेऊन पूर्ण सोडवला. तेव्हापासून ही वस्तू नीट समजून घेण्याचा नाद लागला.

आधी ओंजळीबद्दल बोलायला हवं, कारण होल्डर घेतला की ती जाते. माउथ ऑर्गन दोन्ही हातांच्या ओंजळीत धरतात तो केवळ पडू नये म्हणून नव्हे. डाव्या हातात वाद्य, उजव्या हाताचा पंजा त्याच्या पाठीशी. पंजा मिटला की आवाज खोल आणि दबका होतो, उघडला की मोकळा. ही उघडझाप भरभर केली की सुराला कंप येतो. ‘दोस्ती’ (१९६४) हा लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा चित्रपट, पण त्यातला माउथ ऑर्गन राहुल देव बर्मन यांनी वाजवला आहे. त्याआधी ‘सोलवाँ साल’मध्येही (१९५८) त्यांनीच वाजवला होता. ‘शोले’त (१९७५) जय पायरीवर बसून वाजवतो ती धून प्रत्यक्षात भानू गुप्ता यांची. ते गिटारवादक म्हणूनही तितकेच नावाजलेले. या तुकड्यांमध्ये जी ओल आहे, तिच्यात ओंजळीचा वाटा फार मोठा आहे. होल्डरवर वाजवणाऱ्याने हे पक्कं लक्षात ठेवावं: निम्मा आवाज आपण हात काढून घेतानाच सोडून दिलेला असतो. उरतात ओठ, जीभ, घसा आणि श्वास. त्यांना नीट काम करू देणारा होल्डर चांगला.

मग वाद्य कोणतं अडकवायचं? साधा दहा भोकांचा माउथ ऑर्गन सुमारे दहा सेंटिमीटर लांब असतो. आत वीस पट्ट्या, दहा फुंकल्यावर बोलणाऱ्या आणि दहा ओढल्यावर. आपल्या पेटीच्याच जातीचं हे वाद्य. पेटीत भात्याचा वारा, इथे छातीचा. पांढरी एकचा माउथ ऑर्गन घेतला तर मधल्या सप्तकात सा फुंकून, रे ओढून, ग फुंकून, म ओढून, प फुंकून, मग ध आणि नि दोन्ही ओढून, असा सगळा बिलावल मिळतो. त्याच वाद्यावर पांढरी पाचला सा मानलं की खमाज हाती येतो, पांढरी दोनला सा मानलं की काफी. एक वाद्य, तीन थाट. गळ्यात कमान असताना गाण्याच्या मध्ये वाद्य बदलता येत नाही, म्हणून गिटार कोणत्या पट्टीत आणि माउथ ऑर्गन कोणता, हे घरीच ठरवून निघायचं.

खालच्या सप्तकात मात्र या वाद्यात म आणि ध नाहीतच. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकावर ओढतानाच्या सुराला जिभेने आणि घशाने खाली ओढून काढावे लागतात. मीड घेतल्यासारखं. हे करताना ओठांची पकड घट्ट लागते, आणि वाद्य जरासं जरी मागे सरकलं तरी सूर निसटतो. माझ्या पहिल्या होल्डरचं दुखणं नेमकं हेच होतं. तोंडाचा दाब पडला की कमान नमायची.

याचं कारण सांध्यात असतं. कमानीला चिमट्याचे हात जिथे जोडलेले असतात, तिथे दोन्ही बाजूंना पंखांचा नट असतो, बोटांनी फिरवून घट्ट करायचा. स्वस्त होल्डरमध्ये पट्टीवर सपाट पट्टी येते, मध्ये एक गुळगुळीत वॉशर. कितीही आवळा, दहा मिनिटांत घसरणारच. चांगल्या होल्डरच्या सांध्यावर दाते असतात किंवा निदान दातेरी वॉशर असतो. एकदा दात्यात दाता बसला की तो कोन सुटत नाही. आमच्या गावात कारखान्यात नोकरी केलेल्या कुठल्याही निवृत्त फिटरकडे जा, तो तुमचा होल्डर पाहून प्रश्न विचारायच्या आधीच वॉशर शोधायला डबा उघडेल. मी तेच केलं. दोन दातेरी वॉशर बसवल्यावर तोच होल्डर पुढे कित्येक वर्षं टिकला. दुकानात घ्यायला जाल तर पहिली परीक्षा हीच: नट आवळा, मग माउथ ऑर्गन अडकवून अंगठ्याने समोरून दाबा. नमला, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

दुसरी गोष्ट चिमट्याची. बहुतेकांत मागे स्प्रिंग असते आणि तिच्या जोरावर वरची आणि खालची पट्टी वाद्याला आवळून धरतात. स्प्रिंग सैल असली तर वाद्य निसटतं हे कळायला वेळ लागत नाही. पण फार ताठ असली तरी वाईट. स्वस्त माउथ ऑर्गनचा वरचा पत्रा पातळ असतो, तो आत दबतो आणि वाद्यातली सुराची एखादी पट्टी घासून किरकिरते. माणूस वाद्याला नावं ठेवतो आणि दोष चिमट्याचा असतो. शिवाय चिमट्याच्या पट्ट्या किती पुढे येतात तेही पाहावं. ओठांना लागत असतील तर पहिल्या दिवशीच नको म्हणावं.

चिमटा किती उघडतो हे आपल्याकडे विशेष महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे पुष्कळजण चोवीस भोकांच्या दुहेरी माउथ ऑर्गनवर शिकलेले असतात. तो दहा भोकांच्या वाद्याच्या जवळपास पावणेदोन पट लांब, जाडही जास्त. पाश्चात्त्य पद्धतीचे कित्येक होल्डर दहा भोकांचं वाद्य मनात धरूनच केलेले असतात. चोवीसवाला त्यात बसला तरी दोन्ही टोकांनी हेलकावत राहतो. पण माझं मत विचाराल तर होल्डरसाठी सर्वांत योग्य वाद्य हे चोवीसवालंच. त्यात प्रत्येक सुराला दोन पट्ट्या, एकमेकींपासून केसभर वेगळ्या लावलेल्या, म्हणून आवाज आपोआप थरथरतो. ओंजळीने जो कंप द्यायचा, तो वाद्यातच घातलेला असतो. हात गेले तरी त्याचं नुकसान सर्वांत कमी होतं. मीडसारखं काम त्यावर जमत नाही हे खरं. भावगीताच्या मधल्या तुकड्याला मात्र त्याच्याइतकं गोड काही नाही.

बाजूला बटण असलेला बारा भोकांचा क्रोमॅटिक माउथ ऑर्गन ही वेगळीच अडचण. कोमल-तीव्र सगळे सूर त्यात मिळतात, पण ते बटण दाबल्यावर. बटण दाबायला बोट हवं आणि बोट तर गिटारवर. ज्याला क्रोमॅटिकच वाजवायचा आहे त्याने साधा होल्डर घेऊ नये, दुसरा वाजवणारा शोधावा. पैसे वाचतील आणि संगीतही वाचेल.

या कमानीचा इतिहास एकट्याने वाजवणाऱ्यांचा आहे. अमेरिकेत जेसी फुलर गिटार वाजवत, गळ्यातल्या होल्डरवर माउथ ऑर्गन आणि कझू वाजवत, आणि पायाने चालणारं खर्जाचं वाद्य त्यांनी स्वतः बनवलं होतं. जिमी रीड यांच्या ब्लूजमध्ये वरच्या पट्टीतला तो चिरका माउथ ऑर्गन होल्डरवरचाच. बॉब डिलन यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलं आहे की सुरुवातीला ते कपडे टांगायच्या तारेचा हँगर वाकवून काम भागवत. पुढे मिनीॲपोलिसमधल्या एका वाद्यांच्या दुकानाच्या तळघरात त्यांना खरा होल्डर मिळाला, १९४८ पासून न उघडलेल्या खोक्यात. होल्डर ही वस्तू किती कमी खपत असेल, याचा अंदाज त्या खोक्यावरून येतो. आणि हँगर का चालला नाही, हेही आता सांगता येईल: तार नमते, सांधा नसतो, दाता नसतो.

आपल्याकडे कमान खऱ्या अर्थाने घराघरांत पोचली ती बंगालमध्ये. सुमन चट्टोपाध्याय, आजचे कबीर सुमन, यांचा ‘तोमाके चाई’ हा अल्बम १९९२ मध्ये आला. गिटार, गळ्यात होल्डर, समोर कीबोर्ड, आणि गाणारा एकच माणूस. त्या काळच्या बंगाली तरुणांना ही कमान म्हणजे कवितेचाच भाग वाटली असणार. मराठीत असा एखादा गायक त्या वेळी उभा राहायला हवा होता असं मला फार वाटतं. पेटी, गिटार, माउथ ऑर्गन, तिन्ही वाजवणारी मंडळी आपल्या जबलपूरच्या गोलबाजारातल्या मराठी घरांतही होती. एका वेळी तिन्ही कुणी गळ्यात-हातात घेतली नाहीत इतकंच.

पेटीवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पेटी वाजवताना एक हात पट्ट्यांवर, एक भात्यावर. हात दोन्ही गेले. वर आपण मांडी घालून बसतो आणि मान खाली करून पट्ट्यांकडे पाहतो. गळ्यातली कमान तेव्हा छातीवरून पुढे झुकते, झब्बा गुळगुळीत असला तर मागे सरकते, आणि तिची टोकं बरगडीला टोचतात. गिटारवाला उभा असतो, हलतो, त्याला गळ्यातलाच होल्डर हवा. पेटीवाला एका जागी बसलेला. त्याने जमिनीवरचा आडव्या दांड्याचा माइक स्टँड घ्यावा आणि चिमटा त्यावर बसवावा. मान मोकळी राहते, पाठही दुखत नाही. वाद्य तोंडाशी यावं. तोंड वाद्याच्या मागे जायला लागलं की मान आखडते आणि श्वास आखूड होतो. श्वास आखूड झाला की संपलंच.

चुंबकाने वाद्य धरणारे होल्डरही निघाले आहेत. जर्मनीतल्या क्लिंगेंथालच्या सायडेल कंपनीने तसा एक काढला आहे. ही कंपनी १८४७ पासून माउथ ऑर्गन बनवते, म्हणजे ट्रॉसिंगेनच्या होनरपेक्षाही दहा वर्षं जुनी. चुंबकाचा मोठा फायदा म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये वाद्य क्षणात बदलतं. स्प्रिंगच्या चिमट्यात दोन्ही हात गुंततात आणि तेवढ्यात निवेदकाला चार वाक्यं जास्त बोलावी लागतात. कार्यक्रमात तीन-चार वेगवेगळ्या पट्ट्यांची वाद्यं लागणार असतील तर हा खर्च करावा. एकाच वाद्यावर भागत असेल तर दातेरी वॉशरचा साधा होल्डर पुरे.

गाणाऱ्याने माइकचीही सोय आधी पाहावी. होल्डर लावल्यावर तोंड आणि माइक यांच्या मध्ये वाद्य येतं. माइक थोडा वर घेऊन खाली तिरका केला तर आवाज आणि वाद्य दोन्ही पकडतो. वाद्य ओठांपासून दोन बोटं खाली आणि पुढे असावं. गाताना ओठ आपटू नयेत, वाजवताना हनुवटी जराशी खाली केली की तोंड नेमकं भोकांवर यावं. कमान गिटारच्या लाकडाला लागते का हेही पाहावं, कारण तो खणखणाट आपल्याला कळत नाही, समोर बसलेल्यांना कळतो. माझ्या कमानीच्या दोन्ही टोकांना मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ओढून बसवले आहेत.

आणि थंडी. पुस्तकांत ही गोष्ट कमी सापडते, जबलपूरच्या जानेवारीत मात्र पहिल्याच गाण्याला समजते. ओंजळीतल्या वाद्याला तळहातांची ऊब मिळत राहते. होल्डरवरचं वाद्य गार हवेत उघडं टांगलेलं, त्यात उबदार श्वास गेला की आत दव साचतं आणि पट्ट्या चिकटतात. नेमका मधल्या सप्तकातला ध बोलायचा थांबतो. ग्वारीघाटावर नर्मदेचा वारा सुटलेल्या संध्याकाळी वाजवायचं असेल तर मी वाद्य शेवटच्या क्षणापर्यंत शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो. कमान आधीच गळ्यात, सांधे आवळलेले, कोन ठरलेला. निवेदक नाव घेतो तेव्हा खिशातून काढायचं, तळव्यावर दोनदा झटकायचं, चिमट्यात बसवायचं, आणि हात गिटारवर न्यायचे.