काचेच्या बाटलीत दूध ठेवताना

काचेला वास लागत नाही, ती स्वच्छ निघते. म्हणून दुधाला काचेची बाटली चांगलीच. पण दोन गोष्टी सांभाळायला हव्यात.

पहिली, उकळतं दूध थेट ओतू नका. काचेतून उष्णता सावकाश जाते. आतला भाग तापून प्रसरण पावतो, बाहेरचा थंडच राहतो आणि बाटली तडकते. दूध कोमट झालं की भरा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा.

दुसरी, पारदर्शक काचेतून प्रकाश आत जातो. त्याने दुधातलं बी-२ जीवनसत्त्व कमी होतं, चवही बिघडते. म्हणून बाटली आतल्या कप्प्यात ठेवा, दारात नको. तिथे सारखी ऊब लागते.

रिकामी बाटली आधी गार पाण्याने विसळा, मग गरम पाणी आणि साबणाने ब्रश फिरवा. तळाशी राहिलेलं जुनं दूध नवं दूध नासवतं.

मुलांना विचारा : गरम चहाने जाड काचेचा ग्लास पातळ ग्लासपेक्षा लवकर का तडकतो?