मोहाची दारू
मोहाची दारू : मोह (मधुका लाँगिफोलिया, प्रकार लॅटिफोलिया, कुल–सॅपोटेसी) या वृक्षाच्या फुलांपासून गाळलेले रंगहीन, उग्र वासाचे मद्य. चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनप्रदेशातील गोंड, माडिया इ. आदिवासींच्या देवपूजेत, विवाहात व मृत्युविधीत तिला स्थान आहे.

मार्च–एप्रिलमध्ये पहाटे गळणारी मांसल, मलईच्या रंगाची फुले वेचून उन्हात वाळवितात. त्यांत निम्म्याहून अधिक शर्करा असते. ती काही दिवस पाण्यात भिजविल्यास यीस्टच्या क्रियेने शर्करेचे अल्कोहॉल बनते. हे आंबलेले मिश्रण मडक्यात तापवून त्याची वाफ नळीने थंड ठेवलेल्या भांड्यात नेतात व तेथे तिचा द्रव होतो. पहिल्या धारेची दारू सर्वांत कडक असते.

चरकसंहितेत मधूकपुष्पांच्या आसवाचा उल्लेख आहे. मात्र आसव हे न गाळता केवळ आंबवून करतात. ब्रिटिश अमदानीत अबकारी उत्पन्नासाठी घरगुती गाळपावर निर्बंध आले. दारूविरोधी लोकचळवळीनंतर गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. मोहफुले टंचाईच्या दिवसांत शिजवून खातात आणि बाजारात विकतातही; त्यामुळे दारूबंदीतही त्यांचा संग्रह हा अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार राहिला.