विश्लेषण : रोज गाडी चालवणारेही आरटीओच्या चाचणीत का अडकतात? शहापूर-मुरबाडच्या नवशिक्यांनी तयारी कशी करावी?

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात दुचाकी ही चैन राहिलेली नाही. मुरबाडला अजून रेल्वे पोहोचलेली नाही. शहापूर तालुक्यात वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके आहेत, पण आतल्या गावांतून तिथवर जायला वाहन लागतेच. मुरबाडच्या एमआयडीसीतील पाळी असो, किन्हवलीहून कॉलेज गाठणे असो की भाजीची पाटी बाजारात नेणे असो, एसटीच्या वेळापत्रकावर सगळे भागत नाही. त्यामुळे लायसन्स हातात येण्याआधीच गाडी हातात येते. वडिलांच्या किंवा मामाच्या मोटारसायकलवर मोकळ्या रस्त्यात शिकलेले हे तरुण ‘मला गाडी येते’ या भरवशावर चाचणीला जातात आणि काही जण पहिल्याच फेरीत नापास होऊन परततात. कारण चाचणीत वेग बघत नाहीत, सवयी बघतात.

शिकाऊ परवाना कसा मिळतो?

पहिली पायरी म्हणजे लर्निंग लायसन्स, अर्थात शिकाऊ परवाना. महाराष्ट्रात जून २०२१ पासून ही परीक्षा घरबसल्या ऑनलाइन देता येते. त्यासाठी परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर आधार क्रमांकाने अर्ज करावा लागतो. आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला असणे आवश्यक आहे, कारण ओटीपी त्यावरच येतो. पाड्यांवरील अनेकांची गाडी इथेच अडते. जुना क्रमांक बंद पडला असेल तर अर्ज करण्यापूर्वी आधार केंद्रावर तो बदलून घ्यावा. आधारचा पर्याय नको असेल तर कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन परीक्षा देता येते.

परीक्षेत १५ प्रश्न असतात, त्यांपैकी किमान ९ बरोबर यावे लागतात. मराठीत परीक्षा देता येते. रस्त्यावरील चिन्हे, हाताचे इशारे, कोणाला आधी वाट द्यायची, थांबण्याचे नियम, यांवर प्रश्न असतात. एखाद्या मध्यस्थाने ‘तुम्ही फक्त ओटीपी सांगा, परीक्षा आम्ही देतो’ असे सांगितले तर ते बेकायदा तर आहेच, शिवाय तोट्याचेही आहे. हेच नियम पुढे निरीक्षकासमोर गाडी चालवताना पाळून दाखवायचे असतात.

वयाची अट काय? पालकांनी काय लक्षात ठेवावे?

गिअर असलेली दुचाकी आणि मोटार यांसाठी वय १८ पूर्ण हवे. १६ व्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीसाठी आहे. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या आहेत. म्हणजे अकरावीतल्या मुलाला किंवा मुलीला घरची स्कूटर देणे कायद्यात बसत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड ५ हजार रुपये आहे आणि अशा व्यक्तीच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढाच दंड आहे.

दंडापेक्षा मोठा प्रश्न विम्याचा. चालकाकडे परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई पुढे वाहनमालकाकडून वसूल करू शकते. भरपाईचा आकडा लाखांत गेला तर शेतजमिनीवर बेतू शकते. भाच्याला ‘जरा बाजारातून येतो’ म्हणून किल्ली देणाऱ्या मामाने हे ध्यानात ठेवावे.

शिकाऊ परवान्यावर काय चालते, काय नाही?

हा परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या काळात वाहनाच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात ‘एल’ हे इंग्रजी अक्षर हवे. सोबत पक्का परवाना असलेली आणि गरज पडल्यास गाडी आवरू शकेल अशी व्यक्ती हवी. दुचाकीवर मागे बसायचेच तर शिकवणाऱ्यानेच, मित्राने नाही. शिकाऊ परवाना काढून एकट्याने कल्याणला ये-जा करणे किंवा ट्रिपल सीट माळशेज गाठणे नियमात बसत नाही.

मुंबई-नाशिक महामार्गावर पहिल्याच आठवड्यात जाऊ नये. तिथे कंटेनर आणि ट्रेलरची रीघ असते. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जात असला तरी त्यावर दुचाकी आणि तीनचाकीला मुळातच बंदी आहे.

चाचणी कुठे द्यायची?

सारथीवर पिनकोड टाकला (शहापूर ४२१६०१, मुरबाड ४२१४०१) की संबंधित परिवहन कार्यालयाचे नाव दिसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची सोय कायद्यात आहे. परिवहन विभाग तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक दिवशी शिबिरेही घेतो. त्यामुळे अपॉइंटमेंट घेताना जवळच्या शिबिराची तारीख दिसते का, हे आधी बघावे. एक दिवसाची मजुरी आणि जाण्या-येण्याचा खर्च वाचू शकतो. सहा महिन्यांच्या मुदतीचे शेवटचे दिवस येईपर्यंत थांबू नये. स्लॉट भरलेले निघाले तर शिकाऊ परवाना संपतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

केंद्रीय नियमांनुसार शिकाऊ परवान्याला प्रत्येक वाहनप्रकारासाठी १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये, तर पक्क्या परवान्याच्या चाचणीला प्रत्येक प्रकारासाठी ३०० रुपये आणि परवान्याचे २०० रुपये असे शुल्क आहे. टपाल वगैरे धरून एकूण किती, ते पोर्टल पैसे भरताना दाखवते. त्याहून जास्त मागणाऱ्याला कशाचे पैसे, हे विचारायला हरकत नाही.

निरीक्षक नेमके काय पाहतो?

चाचणी मोटार वाहन निरीक्षक घेतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १५ मध्ये चाचणीत काय तपासायचे, याची यादीच दिली आहे. आरसे नीट लावणे, निघण्यापूर्वी आजूबाजूला पाहणे, धक्का न देता गाडी काढणे, डाव्या बाजूने चालवणे, वळण्याआधी इशारा देणे, चढावर गाडी थांबवून पुन्हा काढणे, अचानक थांबावे लागले तर ताबा ठेवणे, मागे घेताना मागे पाहणे, असे त्याचे स्वरूप आहे. दुचाकीसाठी बहुतेक ठिकाणी इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या मार्गावर गाडी फिरवून दाखवावी लागते. मोटारीसाठी आठ किंवा इंग्रजी ‘एच’ अक्षराचा मार्ग, चढ आणि रिव्हर्स असतो. पुण्यात भोसरीच्या वाहनचालक प्रशिक्षण संस्थेत संगणकीकृत ट्रॅकवर ही चाचणी होते. तिथे चूक माणसाऐवजी सेन्सर टिपतो.

रोज गाडी चालवणारा अडकतो तो या यादीतल्या साध्या गोष्टींत. गावच्या रस्त्यावर मागून कोणी येत नाही, म्हणून इंडिकेटर देण्याची सवय नसते. आरसा तर अनेकांनी काढून घरी ठेवलेला असतो किंवा केस विंचरण्यापुरता वळवलेला असतो. हेल्मेट हँडलला लटकलेले असते. वळणावर पाय टेकवत गाडी फिरवायची सवय असते आणि आठच्या ट्रॅकवर पाय टेकला की बहुधा चाचणी संपते.

३० दिवसांत सराव कसा करावा?

दुचाकीसाठी : सुटीच्या दिवशी, परवानगी घेऊन, शाळेच्या मैदानावर फक्कीने किंवा विटा ठेवून आठचा मार्ग आखावा. सुरुवातीला वर्तुळे मोठी ठेवून मग लहान करावीत. पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, मागचा ब्रेक हलका दाबत गाडी फिरवावी. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी होते. नजर चाकाकडे न ठेवता पुढच्या वळणावर ठेवावी. जिकडे नजर जाते तिकडेच गाडी जाते. लागोपाठ दहा फेऱ्या पाय न टेकता झाल्या तर तयारी झाली असे समजावे.

मोटारीसाठी : चढावर हँडब्रेक लावून थांबावे, क्लच हळू सोडत इंजिनचा आवाज जड झाला की हँडब्रेक सोडावा. गाडी मागे सरकता कामा नये. रिव्हर्स घेताना दोन्ही आरसे आणि मागची काच, तिन्हींकडे आळीपाळीने पाहावे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला शिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक-क्लच असतात. त्यामुळे शिकताना धीर येतो, पण पाय शिक्षकाचे आणि स्टिअरिंग आपले, अशी सवयही लागते. शेवटचे काही दिवस शिक्षकाला पाय बाजूला ठेवायला सांगावे.

घाटासाठी : चाचणीच्या ट्रॅकवर माळशेज नसतो, कसाराही नसतो. पण परवाना मिळाल्यावर इथल्या चालकाला तेच रस्ते आहेत. घाटात अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते. ज्या गिअरमध्ये चढ चढता येतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतरणे म्हणजे इंजिनचा आधार सोडून सगळा भार ब्रेकवर टाकणे. पावसाळ्यात धुके आणि दरडींची भीती असते, रस्ता निसरडा असतो, म्हणून पुढच्या वाहनापासूनचे अंतर नेहमीच्या दुप्पट ठेवावे.

महामार्ग ओलांडण्यासाठी : आसनगाव, वाशिंदसारख्या ठिकाणी समोरचा ट्रक लांब दिसतो आणि क्षणात जवळ येतो. मोठ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज दुरून चुकतो. पूल किंवा भुयारी मार्ग असेल तर थोडा वळसा पडला तरी तोच घ्यावा. उलट दिशेने शंभर मीटर जाणे ही सर्वांत महागडी बचत.

चाचणीच्या दिवशी काय न्यावे?

मूळ शिकाऊ परवाना, अपॉइंटमेंटची पावती, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, तसेच ज्या वाहनावर चाचणी द्यायची त्याची आरसी, विमा आणि पीयूसी. यातला विमा किंवा पीयूसी संपलेला निघाला तर चाचणीविना परतावे लागू शकते, म्हणून आदल्या आठवड्यात तारखा पाहून ठेवाव्यात. दोन्ही इंडिकेटर, ब्रेकलाइट, हॉर्न आणि आरसे चालू स्थितीत हवेत. वाहन त्याच प्रकारचे हवे. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना हवा असेल तर विनागिअर स्कूटरवर चाचणी देऊन उपयोग नाही. वय ४० च्या पुढे असेल तर अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ लागतो.

नापास झाल्यास काय?

सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा नापास झाल्यास शेवटच्या चाचणीनंतर ६० दिवस थांबावे लागते आणि प्रशिक्षण संस्थेत सुधारणा प्रशिक्षणही घ्यावे लागते. त्यामुळे ‘जाऊन तर बघू’ म्हणून तयारीविना जाणे परवडत नाही. नापास झाल्यावर नेमके कुठे चुकले, हे निरीक्षकाला नम्रपणे विचारावे आणि आठवडाभर तेवढ्याच गोष्टीचा सराव करावा.

चाचणीच बंद झाली, हे खरे का?

नाही. १ जून २०२४ पासून आरटीओची चाचणी लागणार नाही, असे संदेश समाजमाध्यमांवर फिरले होते. नियमांत तसा नवा बदल झाला नसल्याचे केंद्रीय मंत्रालयाने तेव्हाच स्पष्ट केले. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रातून उत्तीर्ण होणाऱ्यांना आरटीओच्या चाचणीतून सूट देणारी तरतूद जुलै २०२१ पासून आहे. पण या केंद्रांसाठी जागा, ट्रॅक, सिम्युलेटर अशा कडक अटी आहेत. नाक्यावरचे प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे असे केंद्र नव्हे.

पिकअप, टेम्पो चालवणाऱ्यांना वेगळा परवाना लागतो का?

भाजी, दूध, वीट, रेती वाहणाऱ्या छोट्या गाड्यांवर इथल्या अनेक घरांचे पोट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. त्याहून मोठ्या वाहनासाठी मात्र वाहतूक परवाना लागतो. त्यासाठी वय २० पूर्ण हवे आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा. आठवी उत्तीर्ण असण्याची जुनी अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. शाळा अर्धवट सुटलेल्या तरुणासाठी हा रस्ता आता खुला आहे आणि त्याची सुरुवात मोटारीच्या चाचणीपासून होते.

परवाना आल्यानंतर?

चाचणी उत्तीर्ण झाल्यावर परवाना टपालाने घरी येतो. अर्जातला पत्ता त्यासाठी अचूक हवा. पाड्याचे, जवळच्या खुणेचे नाव लिहावे, नाहीतर पाकीट परत जाते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधील परवानाही ग्राह्य धरला जातो. तिशीच्या आत परवाना घेणाऱ्याला तो वयाच्या चाळिशीपर्यंत पुन्हा काढावा लागत नाही. म्हणजे विशीतल्या तरुणाची पुढची वीसेक वर्षे कोणी चाचणी घेणार नाही. आरशात पाहणे, इशारा देणे, हेल्मेटचा पट्टा लावणे या सवयी ट्रॅकवरच सुटल्या तर त्या पुन्हा तपासणारे कोणी नाही. म्हणून महिनाभराचा सराव निरीक्षकाला दाखवण्यापुरता नको, तर सरळगावच्या फाट्यावर रात्री समोरून प्रखर दिव्यांचा ट्रक येईल, त्या वेळेसाठी हवा.