कवटीतील पोकळीची साक्ष

मृत्यूनंतर मेंदू लवकरच नष्ट होतो. त्याला धारण करणारी कवटीतील पोकळी मात्र जीवाश्मात टिकून राहते. ती पाहण्यासाठी पूर्वी दुर्मिळ कवटी कापावी लागे. आता क्ष-किरणांवर आधारित सीटी स्कॅनच्या साहाय्याने, जीवाश्माला धक्का न लावता, तिची त्रिमितीय प्रतिकृती तयार करता येते. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात सापडलेल्या, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या 'पेलॅगोसॉरस' या सागरी मगरकुलीन प्राण्याचा असा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नासिकापोकळीतील फुगवटे जादा क्षार बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचे असावेत, असा निष्कर्ष त्यातून निघाला. प्रौढ मगरीचा मेंदू ही पोकळी पूर्णपणे व्यापत नाही; म्हणून प्रतिकृती म्हणजेच मेंदू, असे समजणे योग्य ठरणार नाही. तरीही समुद्रात उतरलेल्या या जीवांनी खाऱ्या पाण्याशी कसे जुळवून घेतले, याचा मागोवा आता कवटी अभंग ठेवून घेता येतो.