शेतात आलेल्या माणसाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची?

हुरड्याचा हंगाम सुरू झाला की शेतावर वर्दळ वाढते. शहरातले पाहुणे येतात, त्यांची मुले बांधावरून पळत सुटतात. एरवीही आपल्या शेतात मेंढपाळ, वायरमन, खताची गाडी घेऊन आलेला चालक, पायवाटेने शाळेत जाणारी मुले अशी बरीच माणसे येत असतात. त्यांपैकी कोणाला इजा झाली, तर "माझी जमीन आहे" किंवा "त्याला कोणी बोलावले होते?" एवढे सांगून सुटका होत नाही.

कायदा काय पाहतो?

जमीनमालकाच्या अशा जबाबदारीसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. निष्काळजीपणाचे सर्वसाधारण तत्त्व लागू होते. धोका तुम्हाला माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का? तो टाळण्यासाठी तुम्ही वाजवी काळजी घेतली होती का? या प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची ठरतात. सातबाऱ्यावरील नावाबरोबर प्रत्यक्ष ताबा कोणाकडे होता हेही पाहिले जाते. त्यामुळे बटईने शेती करणाऱ्यानेही "मी मालक नाही" असे समजून निर्धास्त राहू नये.

जखमी व्यक्ती किंवा मृताचे वारस दिवाणी न्यायालयात भरपाई मागू शकतात. शिवाय फौजदारी गुन्हाही नोंदवला जाऊ शकतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील ही कलमे लक्षात ठेवा:

- कलम 106: निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास 5 वर्षांपर्यंत कैद व दंड.
- कलम 125: बेदरकार किंवा निष्काळजी कृतीमुळे गंभीर दुखापत झाल्यास 3 वर्षांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- कलम 291: मारका बैल, चावरा कुत्रा अशा जनावराबाबत पुरेशी काळजी न घेतल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कुंपणात वीज सोडू नका

रानडुकरांचा त्रास खरा आहे. रात्रभर जागून राखलेला मका एका रात्रीत आडवा होतो. पण तारेत थेट वीज सोडणे हा त्यावरचा उपाय नाही. 230 व्होल्टचा प्रवाह सलग वाहतो, स्नायू आखडतात आणि तार पकडलेला हात सुटत नाही. बळी शेजारी, मजूर किंवा घरचाच माणूसही ठरू शकतो.

"तो चोरून आत आला होता" हा बचावही चालत नाही. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात आरोपीने आपले शौचालय शेजाऱ्यांनी वापरू नये म्हणून तेथे उघडी विद्युत तार लावली होती. तिचा स्पर्श होऊन शेजारच्या महिलेचा मृत्यू झाला. परवानगीशिवाय आत येणाऱ्याच्या जिवाला धोका होईल असा सापळा लावण्याचा हक्क मालकाला नाही, असे स्पष्ट करून सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये शिक्षा कायम ठेवली. जाणूनबुजून वीज सोडली असेल, तर सदोष मनुष्यवधाचे कलम 105 लागण्याचीही शक्यता असते. आकडा टाकून वीज घेतली असेल, तर वीजचोरीचा गुन्हा वेगळा.

त्याऐवजी प्रमाणित सौर झटका मशीन वापरा. त्यातून ठरावीक अंतराने क्षणभराचाच झटका बसतो. तारेवर ठिकठिकाणी धोक्याच्या पाट्या लावा आणि ही तार कधीही थेट वीजजोडणीला लावू नका.

बोअर उघडे ठेवू नका

लहान मुले उघड्या बोअरमध्ये पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातील मुख्य बाबी अशा:

1. बोअर घेण्यापूर्वी किमान 15 दिवस आधी संबंधित अधिकाऱ्यांना लेखी कळवा.
2. काम सुरू असताना भोवती काटेरी तारेचे कुंपण करा. मालकाचे व बोअर घेणाऱ्या एजन्सीचे नाव-पत्ता असलेला फलक लावा.
3. केसिंगभोवती 50 × 50 सें.मी. चा काँक्रीटचा ओटा बांधा. तो जमिनीच्या वर 30 सें.मी. आणि खाली 30 सें.मी. असावा.
4. केसिंगच्या तोंडावर लोखंडी पत्रा वेल्ड करा किंवा नट-बोल्टने पक्के झाकण बसवा. मोटार दुरुस्तीला काढली तरी तोंड उघडे ठेवू नका.
5. बोअर कोरडे गेले तर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगड-गोट्यांनी भरा आणि भरल्याचा दाखला घ्या. वर पोते किंवा फांदी टाकणे म्हणजे बुजवणे नव्हे.

ग्रामीण भागात या सूचनांवर देखरेख सरपंच आणि कृषी विभागाच्या अधिकाऱ्यांमार्फत व्हावी, असेही न्यायालयाने म्हटले आहे. त्यामुळे कृषी सहायकांनी शिवारफेरीत पिकाबरोबर बंद पडलेल्या बोअरचीही नोंद घ्यावी.

पाहुणे पैसे देऊन येत असतील तर

हुरडा पार्टी किंवा कृषी पर्यटनासाठी पैसे घेतले की पाहुणा ग्राहक ठरतो आणि ग्राहक संरक्षण कायदाही लागू होऊ शकतो. "स्वतःच्या जबाबदारीवर यावे" अशी पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपत नाही. विहिरीला कठडा बांधा, शेततळ्याला कुंपण करून काठावर दोर व हवा भरलेली ट्यूब ठेवा. स्टार्टर पेटी आणि कीटकनाशकांची खोली कुलूपबंद असावी. पाहुण्यांसाठी सार्वजनिक दायित्व विमा घ्या. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना शेतकरी कुटुंबासाठी आहे. त्यातून पाहुण्यांना संरक्षण मिळत नाही.

अपघात झालाच तर

विजेचा अपघात असेल तर आधी प्रवाह बंद करा, मगच माणसाला हात लावा. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि पोलिसांसाठी 112 वर कळवा. जागेवरची तार काढणे, घाईने खड्डा बुजवणे असे करू नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप त्यात वाढतो.

या आठवड्यात एकदा शेताला चक्कर मारा, आणि ती लहान मुलाच्या नजरेने मारा. जे झाकण त्याला सरकवता येईल आणि जी तार त्याच्या हाताला लागेल, तिथले काम त्याच दिवशी उरका.