श्वेत बटूंची स्पंदने

तारे लुकलुकताना दिसतात ते पृथ्वीच्या वातावरणामुळे. ताऱ्यांना त्याची वार्ताही नसते. काही ताऱ्यांचे तेज मात्र खरोखरीच ठरावीक काळाने कमी-अधिक होते. स्पंदणारे श्वेत बटू हे त्यांपैकीच होत.

सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपले, की त्याचे बाहेरचे थर अवकाशात विखुरतात आणि गाभा तेवढा उरतो. हाच श्वेत बटू. तो आकाराने साधारण पृथ्वीएवढा असतो; पण त्यात बहुधा सूर्याच्या निम्म्याहून अधिक द्रव्य ठासून भरलेले असते. अशा निवत चाललेल्या निखाऱ्यात बदल तो काय होणार? परंतु वृषभ राशीतील ‘एचएल टॉरी ७६’ या श्वेत बटूचे तेज सुमारे साडेबारा मिनिटांच्या आवर्तनाने बदलते, असे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ आर्लो लँडोल्ट यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले.

हा तारा फुगत-आकसत नाही. प्रबळ गुरुत्वाकर्षणामुळे त्याच्या द्रव्याला वर-खाली होण्यास फारसा वाव नसतो; ते मुख्यतः आडवे हेलकावते. त्यामुळे पृष्ठभागावर कोठे तापमान वाढते, कोठे घटते, आणि तेज बदलते. हायड्रोजनचे आवरण असलेल्या श्वेत बटूंत ही स्पंदने तापमान सुमारे ११ ते १२ हजार केल्विनच्या आसपास असतानाच आढळतात.

मडके विकत घेताना गिऱ्हाईक त्यावर टिचकी मारते आणि नादावरून ते पक्के की तडकलेले, हे ओळखते. ताऱ्याच्या अंतरंगाची परीक्षाही अशीच, स्पंदनांवरून होते. अडचण एवढीच, की एकाच ताऱ्यात अनेक स्पंदने मिसळलेली असतात आणि दिवस उजाडला की निरीक्षण खंडित होते. म्हणून वेगवेगळ्या देशांतील वेधशाळांनी एकाच ताऱ्यावर आळीपाळीने नजर ठेवण्याची योजना आखली. मार्च १९८९ मध्ये, श्वेत बटू होण्याच्या उंबरठ्यावरील ‘पीजी ११५९-०३५’ या ताऱ्याचे सुमारे २६४ तास जवळजवळ अखंड निरीक्षण झाले. तमिळनाडूतील कावलूरची वेधशाळाही त्यात सहभागी होती. शंभराहून अधिक स्पंदने वेगळी करता आली; त्यांवरून ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.५९ पट ठरले.

‘जी ११७-बी १५ ए’ या श्वेत बटूचे मुख्य स्पंदन तर २१५ सेकंदांचे असून ते घड्याळालाही लाजवील इतके नियमित आहे. तारा निवत असल्याने हा कालावधी वाढतो, पण सुमारे साठ लाख वर्षांत अवघा एक सेकंद! हा फरक टिपण्यासाठी १९७४ पासूनच्या नोंदी जुळवाव्या लागल्या.